पिंपळपानाचं पिस्तूल

टिकल्यांच्या पिस्तुलाचा वास ज्यांच्या बोटांना कधीकाळी लागला असेल त्यांना तो सांगायची गरज नाही, आणि ज्यांना लागला नसेल त्यांना सांगून कळणार नाही. तरी सांगतो, की त्यात थोडा गंधक असे, थोडा जळका कागद, थोडा तापलेला पत्रा, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे आईनं रगडून लावलेल्या उटण्याचा सुगंध पहिल्या रोलातच त्याच्यापुढे हात टेकी. कोल्हापुरात महाद्वार रोडवर वसुबारसेच्या आधीपासून ती पत्र्याची काळी पिस्तुलं दोरीला उलटी टांगलेली दिसायची. तांबड्या टिकल्यांची गुंडाळी आत बसवायची, झाकण दाबायचं आणि घोडा ओढत सुटायचं. एखादी टिकली फाडकन वाजे, एखादी नुसतीच फुसकन धूर सोडी, एखादी न वाजता पुढे सरकून जाई, आणि ती मग आम्ही रोल संपल्यावर पायरीवर ठेवून दगडानं ठेचत असू. गल्लीतल्या पोरांना याहून मोठं पिस्तूल ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि त्याचा माज मी पुरेपूर करून घेतला, कारण आमच्या घरात खरं पिस्तूल होतं आणि तेही, अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे, पानिपतावरून परत आलेलं.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. पानिपतावरून जिथे धडधाकट माणसं परत आली नाहीत तिथून हे पिस्तूल कसं आलं, असा प्रश्न घरातल्या सुनांच्या मनात येऊनही गेला असेल, पण तो मोठ्यानं कुणी विचारला नाही. वर्षभर ते माळ्यावरच्या शिसवी पेटीत, विरलेल्या जरीकाठी शेल्यात गुंडाळून पडलेलं असे, आणि खंडेनवमीच्या सकाळी अण्णा स्वतः शिडी चढून ते खाली आणत. देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर दोन तलवारी, मुठीचं हाड निखळलेला एक जंबिया, आजीची विळी, वडिलांचा कातकामाचा अडकित्ता आणि आग्रहानं आणून ठेवलेली माझी कंपासपेटी, अशा त्या शस्त्रागाराच्या मधोमध त्याची जागा ठरलेली. झेंडूचा तो उग्र हिरवट वास, ओल्या अक्षता, उदबत्तीची राख, आणि त्या सगळ्याखालून येणारा जुन्या लोखंडाचा थंड, काहीसा रक्तासारखा वास मला अजून येतो. आजी बाकीच्या शस्त्रांवर हळदकुंकू वाहायची; पिस्तुलाला मात्र घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर, नेमक्या एका ठिकाणी, ओल्या कुंकवाचं बोट टेकवायची, कारण तिथे पिंपळाचं पान कोरलेलं आहे असं तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. आम्हाला ते पान कधी दिसलं नाही. कित्येक खंडेनवम्यांच्या कुंकवाची तिथे खपली धरली होती, आणि बोट फिरवलं तर नुसतं खरखरीत लागे.

एका पावसाळ्यात माळ्यावरची कौलं सरकली, पेटीत पाणी गेलं, आणि दसऱ्याच्या तोंडावर शेला उलगडला तर पिस्तूल तांबूस पडलेलं. घोडा जागचा हलेना. अण्णांचा चेहरा उतरला. मी तेव्हा इतिहास हा विषय घेऊन बी.ए.ला बसलो होतो, म्हणजे इतिहासातलं सगळं काही कळण्याच्या वयात होतो, आणि हे पिस्तूल आता ‘मूळ रूपात’ आणायचं, असं मीच जाहीर करून टाकलं. ‘मूळ रूप’ हे शब्द मी कुठल्याशा पुस्तकातून उचलले होते आणि ते उच्चारताना माझा आवाज, घरातल्यांच्या सांगण्यावरून, खर्जात जात असे.

भवानी मंडपापासून हाकेच्या अंतरावर एका बोळात बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांबोडकी अंधारी खोली. पुढे वाईस ठोकलेलं टेबल, भिंतीवर काचेच्या चौकटीत दुरुस्तीचा सरकारी परवाना, त्याशेजारी अंबाबाईची तसबीर, आणि दोघांनाही सकाळ-संध्याकाळ एकाच उदबत्तीनं ओवाळलं जाई. मिस्त्रींचे वडील संस्थानच्या शिकारखान्यात कामाला होते. विलायती दुनळ्या हाताळण्यात ज्या घराण्याचं आयुष्य गेलं त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं एका फटक्यात बेकार केलं होतं, आणि आता उरली होती ती राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याकडच्या शेतकऱ्यांची ठासणीची धुडं, डुकरं राखायला दिलेल्या परवान्यांवरची. त्या बंदुकांना मिस्त्री ‘शेतावरची जनावरं’ म्हणत. दुकानात शिरलं की रॉकेल, जवसाचं तेल, कानशीचा कीस आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर सदा उकळत असलेला चहा, या सगळ्यांचा मिळून एक दाट वास अंगावर येई, आणि घरी गेल्यावर आजी मला आधी मोरीकडे पिटाळी.

मिस्त्रींनी पिस्तुलाला हातच लावला नाही. “अण्णासाहेब, आधी कागूद आणा,” एवढंच म्हणाले. १९५९च्या शस्त्र कायद्यात कालबाह्य घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या आणि दुरुस्त करूनही उडवता न येणाऱ्या हत्यारांना सवलत आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं, पण आपलं पिस्तूल त्यात बसतं हे आपण म्हणून चालत नाही, साहेबानं म्हणावं लागतं, हेही ठाऊक होतं. कचेरीतले हेलपाटे अण्णांनी घातले. ती कथा कंटाळवाणी आहे. कागद आला, मिस्त्रींनी चष्मा पुसला, नळीत एक गज सोडला, तो जिथे अडला तिथे अंगठ्यानं खूण धरली आणि गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिला. गज दोन बोटं कमी भरला. नळीच्या बुडाशी कुणीतरी कधीतरी शिसं ओतून ती कायमची बंद केली होती. १८५७च्या जुलैत कोल्हापुरात २७वी पलटण उठली, त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात घरोघरची हत्यारं काढून घ्यायचा सपाटा सुरू झाला, नरगुंदचं प्रकरण १८५८मध्ये त्याच चिडीतून पेटलं, आणि पुढे १८७८च्या कायद्यानं तर परवान्याशिवाय हत्यार बाळगणंच गुन्हा ठरलं. यांतल्या कुठल्या तरी भीतीच्या रात्री आमच्या एखाद्या पूर्वजानं चुलीवर शिसं वितळवलं असणार. घराण्याच्या शौर्यकथेत हा प्रसंग नव्हता. मला मात्र तो माणूस, हातात पळी धरून नळीत शिसं ओतणारा, त्या क्षणी पानिपतवीरापेक्षा फार जवळचा वाटला, पण तसं बोलायची सोय नव्हती.

मग रॉकेलच्या डब्यात ते बुडून राहिलं. रोज संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी जाऊन डब्यात डोकावायचो. मिस्त्रींना घाई नावाची चीज माहीत नव्हती; पेच आपण होऊन ‘सैल व्हतो’ म्हणाला, की मगच त्याला पेचकस लावायचा, नाहीतर खाच चेमटते आणि चेमटलेली खाच हा दुरुस्ती करणाऱ्याचा फाजीलपणा, जन्मभर दिसत राहतो, असं त्यांचं मत. शेवटी एका संध्याकाळी कळीचे दोन लांब पेच करकरत सुटले. प्रत्येक पेचाचे आटे हातानं पाडलेले, त्यामुळे याचा पेच त्याच्या भोकात जात नाही. म्हणून मिस्त्रींनी एका फळीवर खडूनं पिस्तुलाचं चित्र काढलं आणि निघालेला प्रत्येक भाग त्या चित्रात आपापल्या जागी मांडला. मोठी कमान चिमट्यात दाबून काढताना त्यांनी मला मागे व्हायला लावलं. सुटली तर डोळा घेते, म्हणाले. वाईसवर वाकलेली त्यांची ती पाठ, बत्तीच्या उजेडात चमकणारी घामेजलेली मान, आणि कमान निघाल्यावर दोघांनी एकदमच सोडलेला श्वास.

पानिपताला पहिला धक्का बसला तो घोड्यानं. घोड्याचं टोक पोकळ होतं आणि ते एका छोट्या बोंडीवर येऊन आदळत होतं. त्या बोंडीवर तांब्याची चिमुकली टोपी चढवायची, तिला आपल्याकडे ‘केप’ म्हणतात. केपच्या आत आघातानं पेटणारी दारू, घोडा पडला की ठिणगी थेट नळीत. म्हणजे आमच्या दिवाळीतल्या टिकलीचीच ही थोरली बहीण. ही युक्ती निघाली ती एका स्कॉटिश पाद्र्याच्या वैतागातून. अलेक्झांडर जॉन फोर्साइथ हे बेलहेल्वी गावचे धर्मोपदेशक. पाखरं मारायला गेले की गारेच्या बंदुकीतून आधी भप्प करून भडका उडे, पाखरं तो पाहून उडून जात आणि गोळी मागाहून रिकाम्या हवेत जाई. त्यांनी खटपट करून आघातानं पेट घेणारी दारू वापरायची रीत काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. तांब्याच्या केपा आणखी पुढच्या. पानिपत १७६१चं. मी हे सगळं करवीर नगर वाचन मंदिरातल्या विश्वकोशातून उतरवून आणलं आणि जेवणाच्या पंगतीत वाचून दाखवलं. अण्णांनी भातावर ताक ओतून घेतलं. “मिस्त्री काय म्हणतात?” एवढंच त्यांनी विचारलं. विश्वकोशावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण तो कोल्हापूरचा नव्हता.

मिस्त्रींनी पानिपत परत मिळवून दिलं. कळीची पोलादी पट्टी स्वच्छ धुऊन त्यांनी तिच्यावर लिंबाची फोड फिरवली, ती थोडा वेळ तशीच ठेवली आणि मग मला दाराशी, उजेडात बोलावलं. काळसर पडलेल्या पट्टीवर निराळ्या छटेची गोल वर्तुळं उमटली होती. तिथे पूर्वी भोकं होती आणि ती कुणीतरी लोखंडाच्या मेखा ठोकून, कानसून बुजवली होती. दोन लोखंडं वेगळी, म्हणून आंबटाचा रंग वेगळा धरला. “ह्यो घोडा ह्या पिस्तुलाचा न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “हितं आदी कान हुता. रंजकीचा. आन् हितं गारंवर आपटायचं पोलाद.” हे पिस्तूल जन्मलं तेव्हा गारेचं होतं, गारगोटी दातात धरलेला घोडा पोलादावर घासून ठिणग्या पाडी, त्या कानातल्या रंजकीत पडत आणि तिथून जाळ आत जाई. पुढे १८४०च्या सुमारास केपांचा जमाना आला, कंपनीची फौजही तिकडे वळली, तेव्हा आपल्याकडच्या कुणा लोहारानं जुने अवयव काढून, भोकं बुजवून, नवा घोडा घडवून ते नव्या चालीचं करून घेतलं. त्या लोहारानं घोड्याच्या मानेवर एक कमळाची कळी काढली आहे, थोडी वाकडी. अण्णांना मी हे सांगितलं, तर त्यांचे डोळे लकाकले. “गारेचं म्हणजे पानिपताला चालतंय की!” तोड्याच्या बंदुकीची पेटती जामगी सांभाळणाऱ्या त्या काळात गारेचं हत्यार म्हणजे केवढी चैन, हे त्यांनी मग मलाच समजावून सांगितलं.

राहिली ती कुंकवाची खपली. तिला हात लावायचा तर आजीची परवानगी हवी. आजीनं दोन दिवस विचार केला, आणि मग स्वतःच दुकानात आली, पायरीवर पदर सावरून बसली आणि ‘माझ्यासमोर काढा’ म्हणाली. मिस्त्रींनी कोमट पाण्यात जुन्या धोतराचा बोळा भिजवून त्या जागी दाबून धरला. तांबडं पाणी टेबलावर उतरलं, पुन्हा बोळा, पुन्हा तांबडं पाणी, मग तपकिरी, मग काळं. शेवटी बाभळीच्या काटक्यांनी रेषांमधलं किटण उकरलं आणि खरोखरच तिथे एक पान उगवलं: टोक खाली, माथ्याशी दोन गोलावे, मधोमध चार घरं पाडलेली, घराघरात एकेक इंग्रजी अक्षर, आणि वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी एक खूण. आजीनं हात जोडले. मी अक्षरं वाचली: व्ही, ई, आय, सी. त्या वेळच्या वळणात यू हे व्ही असं कोरत. युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी. कापसाच्या गठ्ठ्यांपासून नाण्यांपर्यंत कंपनी आपल्या मालावर जो व्यापारी छाप मारायची, तोच हा. आमच्या घरातल्या सुना पिढ्यानपिढ्या खंडेनवमीला कंपनी सरकारच्या ट्रेडमार्कला कुंकू लावत आल्या होत्या.

मला हसू आवरेना. आजी मात्र शांतपणे उठली, घरी गेली आणि पूजेच्या डब्यातून, सुपारीखाली ठेवायचा, झिजून गुळगुळीत झालेला तांब्याचा एक जाड पैसा घेऊन आली. त्याच्या एका अंगाला तराजू होता. दुसऱ्या अंगाला तेच पान, तीच चार घरं. मुंबई इलाख्यासाठी कंपनीनं १७९१पासून असे पैसे थेट इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडून आणवले होते. तराजूच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदल’ म्हणजे न्याय असं लिहिलेलं असे. दोन्ही पानं शेजारी ठेवून मिस्त्री, आजी आणि मी बघत राहिलो. विश्वकोशानं जे मला सांगितलं नव्हतं ते देव्हाऱ्यात होतं, आणि काढून दिलं ते आजीनं. त्या वेळी मी तिला नीट दाद दिली की नाही आठवत नाही. बहुधा नाणं खिशात घालून कॉलेजात दाखवायला नेलं असणार.

या पानावरून काळ ठरवता येतो. कंपनीच्या हत्यारांवर हा छाप १८०८च्या सुमारापर्यंतच दिसतो. पुढे त्याची जागा पुढच्या पंज्यात मुकुट धरलेल्या, मागच्या पायांवर उभ्या सिंहानं घेतली. शिवाय पट्टीवर सालही कोरलेलं होतं, एक, आठ, शून्य, आणि शेवटचा आकडा गंजानं खाल्लेला. नळीच्या अंगावर मुकुटाखाली अक्षरं असलेले दोन छाप होते, लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेचे. १६३७मध्ये सनद मिळालेली ही संस्था नव्या नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू घालून ती उडवून बघायची आणि नाही फुटली तरच तिच्यावर छाप मारायची. असं सगळं जुळत आलं. पिस्तूल लंडनचं, साल अठराशे एक ते सात-आठ. अण्णांनी माघार घेतली, पण मराठी फौजेच्या शिस्तीत, लढत लढत. आधी म्हणाले, पानिपत नसेल, खर्डा असेल. खर्डा १७९५चा, म्हटल्यावर क्षणभर थांबले. मग भिंग मागवून त्या खाल्लेल्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तो एकच आहे असा निर्णय दिला. १८०१चं पिस्तूल १८०३च्या असईला आरामात पोचतं. मिस्त्री मान डोलावत म्हणाले, “एक बी असंल, सात बी असंल,” आणि अण्णांनी त्यातला पहिला अर्धा तेवढा ऐकला.

मुठीच्या पितळी टोपणावर आणखी एक अक्षर आणि आकडा ठोकलेला निघाला, पलटणीत हत्यार कुठल्या घोडीवर ठेवायचं त्याची नोंद. म्हणजे ते कुणा सरदाराच्या कमरेचं नव्हतं, कंपनीच्या एखाद्या स्वाराच्या खोगिरातलं होतं. तिथून ते आमच्याकडे असईच्या रणातून आलं असेल. किंवा, मला हेच जास्त खरं वाटतं, केपांचा जमाना आल्यावर जुना माल बाजारात निघाला तेव्हा कुणीतरी घासाघीस करून विकत आणलं असेल. विकत घेतल्याची दंतकथा होत नाही. तशी व्हायला हवी, पण होत नाही.

खरा वाद पुढेच झाला. मी हट्टाला पेटलो की पिस्तूल मूळ रूपात आणायचं तर पुन्हा गारेचं केलं पाहिजे: बुजवलेली भोकं उघडायची, कान बसवायचा, पोलाद बसवायचं, लोहाराचा घोडा काढून टाकायचा. पुण्याला केळकर संग्रहालयात जाऊन मी जुन्या हत्यारांची कपाटं निरखून आलो होतो, वहीत चित्रं काढून आणली होती. मुंबईच्या चोरबाजारातल्या एका जाणत्यानंही सांगितलं होतं की गारेच्या पिस्तुलाला भाव जास्त, आणि म्हणून कित्येक जण केपवाली पिस्तुलं उलटी फिरवून विकतात. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. कानशीवर खडू घासत म्हणाले, “मूळ म्हंजी कोंचं, लेका? लंडनवाल्याचं, का आपल्या लोहाराचं? त्यो बी पोटासाठी घाम गाळून गेलाय की.” मग जरा थांबून म्हणाले, “म्या आत्ता कान बशिवला तर त्यो लंडनचा बी न्हाई, लोहाराचा बी न्हाई. त्यो माजा.” मी बरेच मुद्दे काढले. त्यांतला एकही आता आठवत नाही, आणि त्यांचं वाक्य मात्र जसंच्या तसं कानात आहे, यावरून वादात कोण जिंकलं ते ठरवायला हरकत नाही. आज जगभरचे जाणकार संग्राहकही अशी जुन्या काळीच बदललेली हत्यारं तशीच ठेवावीत म्हणतात. बोळातल्या त्या मिस्त्रीनं ते वाचलेलं असणं शक्य नव्हतं.

तेव्हा दुरुस्ती झाली ती अशी, की पाहणाऱ्याला झाली असं वाटूच नये. गंज काढायला पॉलिश पेपर नाही. आजीच्याच डब्यातला भोकाचा पैसा, दुसऱ्या महायुद्धातला, त्याच्या कडेनं तेल सोडून हलके हलके खरवडायचं, म्हणजे गंज निघतो आणि खालचं काळपट पोलाद ओरखडत नाही, कारण पैसा पोलादाहून मऊ. हे काम माझ्याकडे आलं. करंगळीच्या नखाएवढ्या जागेला एक संध्याकाळ जाई. नारिंगी चिखल फडक्यावर उतरत राही, आणि त्याखालून हळूहळू एक तपकिरी-काळा, घट्ट, तुळतुळीत रंग वर येई, तो कुठल्या डब्यात मिळत नाही, त्याला दीडशे वर्षं लागतात. पितळ तर चिंच-रांगोळीनं आजीच्या समईसारखं लखलखीत करावं असं मला फार वाटे. मिस्त्री हात धरत. अक्रोडाच्या दस्त्याला त्यांनी जवसाचं तेल दिलं, थेंबभर, आणि तळहातानं चोळायला लावलं, लाकूड उबदार लागेपर्यंत. आधी रोज, मग आठवड्यातून, मग महिन्यातून एकदा. दस्त्याच्या पुढच्या भागाला कुणीतरी शिसवीचा तुकडा जोडलेला होता, तेल पिऊन तो अक्रोडाहून गडद झाला आणि सांधा आणखीच स्पष्ट दिसू लागला. तो तसाच ठेवला. नळीखालचा गज हरवलेला होता, ती खोबण रिकामीच राहिली.

एक पेच मात्र नवा करावा लागला, जुना गंजून अर्धा तुटला होता. तो मिस्त्रींनी पोलादाच्या सळीतून कानसून काढला, आटे हातानं पाडले, तापवून तेलात बुडवून जुन्यांच्या जवळपास जाईल असा काळा केला. बसवण्याआधी त्यांनी तो उलटा धरला आणि डोक्याच्या खालच्या बाजूला, कुणालाही दिसणार नाही अशा जागी, टोच्यानं एक बारीक ठिपका मारला. हे कशाला, मी विचारलं. “उद्या कुनी उगडलं तर त्याला कळाय पायजे, ह्यो पेच नवा हाय. फसाय नको.” त्यांच्या अख्ख्या कारागिरीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हा ठिपका. त्यांनी तिथे नाव घातलं नाही, सालही नाही.

दसरा केव्हाच होऊन गेला होता. पिस्तूल घरी आलं ते पुढच्या वर्षीच्या दिवाळीत. अण्णांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि घोडा मागे ओढला: एक बारीक टक्, मग जरा खोल, भरदार खट्. कळीच्या आतल्या दातांत खटका चढल्याचा तो आवाज इतका नेमका, इतका तेलकट आणि गोल होता, की अंगणात टिकल्या फोडणारी चुलत भावंडंसुद्धा आत धावत आली. पुढच्या खंडेनवमीला आता कुंकू लावायचं की नाही असा प्रश्न निघाला. कंपनीचा छाप उघडकीला आल्यावर मी मोठ्या ऐटीत देशाभिमानी भूमिका घेतली. आजी म्हणाली, “कंपनी सरकारचं असलं म्हणून काय झालं? इतकी वर्षं पूजा घेतलीय त्यानं.” आणि तिनं बोट टेकवलंच. मिस्त्रींचा निरोप तिनं पाळला तो इतकाच, की संध्याकाळी आरती झाली की ते कुंकू कोरड्या मऊ फडक्यानं पुसून वर तेलाचा हात द्यायची.

आता त्या दुकानात मोबाइल दुरुस्त होतात. तिथेही वाकलेल्या पाठी आहेत, भिंगं आहेत, इवले पेच आहेत, नुसता वास नाही. मिस्त्रींचा नातू शिरोलीच्या एमआयडीसीत संगणकावर चालणाऱ्या लेथवर गाड्यांचे सुटे भाग काढतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, आणि आजोबांपेक्षा कितीतरी बरं कमावतो. शिकारखाने गेले, बंदुकांची दुकानं रोडावली, आणि याचं मला, खरं सांगतो, दुःख होत नाही. ज्या धंद्याचा गिऱ्हाईक गोळी झाडणारा, तो धंदा आक्रसला तर बरंच. टिकल्यांची पिस्तुलं प्लास्टिकची झाली, पोरं भाजत नाहीत. काल-परवा माझ्या पुतणीनं आमच्या पिस्तुलाचा फोटो फोनवरून कुठेसा धाडला आणि चहा गार व्हायच्या आत पान, छाप, साल, सगळं हजर झालं, आम्हाला ज्याला अख्खा हिवाळा लागला होता ते. तिला मी ठिपक्याबद्दल विचारलं. तो फोटोत येत नाही.

पिस्तूल कोल्हापुरातच आहे, चुलत भावाकडे, अण्णांचा तो सरकारी कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला. तुमच्या माळ्यावरही असं काही निघेल, जुनी घरं पाडायच्या या दिवसांत तर नक्की निघेल. निघालं तर आधी पोलीस ठाण्यात आणि कलेक्टर कचेरीत जाऊन त्याचा कागद करून घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ती परदेशातल्या मुलाला भेट म्हणून धाडता येत नाही. आणि चिंच, रांगोळी, पॉलिश पेपर यांतलं काही म्हणजे काही तिला लावू नका. तेलाचा हात फिरवा आणि जाणता माणूस भेटेपर्यंत थांबा.